करंट वाढतोय, नॉइज वाढत नाही

आमच्या लॅबमध्ये नॉइज, म्हणजे करंट-व्होल्टेजमधले बारीक अनियमित चढउतार, मोजायचा असला की इमारतीची लिफ्ट बंद ठेवावी लागते. खालच्या सिक्युरिटीला हे दर वेळी नव्याने पटवावं लागतं, म्हणून असली मोजमापं आम्ही रविवारीच काढतो. ट्यूबलाइट बंद, मोबाइल बाहेरच्या टेबलावर, करंट द्यायला प्लगऐवजी बॅटरी. इतकं करूनही स्क्रीनवर घरगुती विजेचा 50 हर्ट्झचा काटा आणि त्याच्या पटींची पिल्लावळ दिसतेच. तिला टाळून मधली स्वच्छ पट्टी शोधायची.

त्या रविवारी क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे अतिथंड ठेवणाऱ्या भांड्यात, सोन्याची तार होती. जाडी 0.1 मिलिमीटर, मधोमध खाच, दोन्ही बाजूंनी स्टायकास्ट या काळ्या गोंदाने फॉस्फर-ब्राँझच्या पट्टीवर पक्की केलेली. पट्टी खालून दांड्याने रेटली की वाकते आणि तार खाचेपाशी ताणली जाते. तुटण्याच्या जरासं अलीकडे तिची वाहकता सलग उतरत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. सोन्याची शेवटची पायरी 2e²/h (e इलेक्ट्रॉनचा भार, h प्लँकचा स्थिरांक), म्हणजे 12.9 किलोओहमच्या आसपासचा रोध; इलेक्ट्रॉनांना जायला एक पूर्ण उघडा मार्ग म्हणजे अशी एक पायरी. तिथे दोन टोकांच्या मध्ये एकच अणू उरलेला असतो. 4.2 केल्विनच्या द्रव हेलियममध्ये हा अणू तासन्‌तास जागचा हलत नाही. दांडा मायक्रोमीटरभर सरकला तरी सोन्याची टोकं त्याच्या कितीतरी कमी सरकतात, त्यामुळे इमारतीची थरथरही तिथवर फारशी पोचत नाही.

खरं काम होतं ॲल्युमिनियमचं. 1.2 केल्विनखाली ते अतिवाहक होतं, म्हणजे त्याचा रोध नाहीसा होतो, आणि मग अणूच्या जोडातून वीज एकेका इलेक्ट्रॉनने न जाता दोन, तीन किंवा जास्त इलेक्ट्रॉनांच्या गठ्ठ्यांनी जाते. फ्रान्समध्ये साक्लेच्या गटाने 2001 साली हे नॉइजवरूनच दाखवलं. भौतिकशास्त्रज्ञ शॉट्कीने 1918 मध्ये मांडलेलं सूत्र सोपं आहे: विद्युतभार सुट्या कणांनी आपापल्या लहरीने येत असेल तर नॉइजची तीव्रता 2eI, इथे I म्हणजे करंट. हाच शॉट नॉइज. नॉइजला करंटच्या दुपटीने भागलं की एका फेरीत किती भार गेला ते कळतं. 1997 मध्ये इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश भाराचे कण याच वाटेने हाती लागले, साक्लेत आणि इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत. पण आपल्या यंत्राचं माप चोख नसेल तर गठ्ठा दोनाचा की तिनाचा, कसं ओळखणार? म्हणून आधी सोनं.

करंट शून्य ठेवून सुरुवात केली. या रोधाचा नुसता उष्णतेचा नॉइज 4.2 केल्विनला 1.7 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ यायला हवा, तेवढाच आला. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइजही साधारण याच तोडीचा असतो. त्यावर उपाय म्हणजे एकाच जोडाला दोन ॲम्प्लिफायर लावायचे आणि दोघांना जे सारखं ऐकू येतं तेवढंच ठेवायचं. सरासरी जमायला वेळ लागतो, आणि तोवर हेलियम उकळत असतो.

मग करंट वाढवत एक मायक्रोॲम्पिअरवर नेला. शॉट्कीच्या हिशेबाने सात नॅनोव्होल्टच्या वर दिसायला हवं होतं. दिसले जेमतेम दोन.

सर मागेच उभे होते. "ॲम्प्लिफायर गेला."
"सर, गेला असता तर शून्याला 1.7 कसं आलं?"
"मग करंट जोडातून जातच नाहीये. कुठेतरी बाजूने गळतोय."

सर असेच आहेत. सुंदर आकडा दिसला की ते आधी सोल्डरिंग तपासायला लावतात. मला ते आवडतं, पण रविवारी जरा कमी आवडतं.

त्यांनाही माहीत होतं की हे घडू शकतं. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये व्हॅन डेन ब्रॉम आणि व्हॅन रुइटेनबेक यांनी 1999 मध्ये अणूएवढ्या जोडांत शॉट नॉइज असाच दबलेला मोजला होता. धातूतून जोडाकडे येणारे इलेक्ट्रॉन पाउलीच्या नियमामुळे (एका जागी, एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन मावत नाहीत) पंढरपूरच्या दर्शनबारीसारखे एकामागून एक येतात. ती रांग मुळात शांत असते. दारावरचा माणूस मनाला येईल तसा कुणाला आत सोडू लागला, कुणाला परत पाठवू लागला की गोंधळ सुरू होतो. सोन्याच्या एका अणूचं दार जवळजवळ सताड उघडं असतं, परत जाणारं जवळपास कुणी नाही, म्हणून नॉइजही नाही.

गळती असती तर जोड बदलूनही नॉइज दबलेलाच राहिला असता. म्हणून दांडा किंचित मागे घेतला. तार थोडी जुळली आणि वाहकता दीड पायरीवर, म्हणजे 2e²/h च्या दीडपटीवर, थांबली. एक मार्ग पूर्ण उघडा, दुसरा अर्धवट, असं धरलं तर नॉइज शॉट्कीच्या सहाव्या हिश्शाइतका यायला हवा. करंट टप्प्याटप्प्याने चढवत गेले. नॉइज सरळ रेषेत चढत गेला, आणि चढ सहाव्या हिश्शाच्या अगदी जवळचा निघाला. पुन्हा ताणून एका पायरीवर आणलं, की रेषा आडवी.

"ताई, पातळी बघा," हेलियमचं बघणारे काका दारातून म्हणाले. मीटर खरंच तळाला आला होता.

सर काही न बोलता खुर्ची ओढून बसले आणि दीड पायरीचे आकडे स्वतः पुन्हा काढू लागले. त्यांचा चढ माझ्याहून किंचित कमी आला, पण फरक त्रुटीच्या आत होता. आडवी रेषाही तंतोतंत आडवी नव्हती, काही टक्के चढ उरतच होता. माझ्या मते तो दुसऱ्या, अगदी किलकिल्या उघड्या मार्गाचा. सरांच्या मते आमच्या मापातल्या चुकीचा. ॲल्युमिनियमची पट्टी चढवण्याआधी त्यांनी दोन्ही ॲम्प्लिफायर पुन्हा कॅलिब्रेट करायला लावले. त्यातून काही टक्क्यांतला थोडा भाग गेला, बाकीचा अजून तिथेच आहे.