शेंगदाण्याचा डबा

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा. सगळे झोपलेत, मला आज झोप येणार नाही हे माहीत आहे म्हणून लिहायला बसले.

आज ग्रुपमध्ये मी पहिल्यांदा मराठीत बोलले. एकच वाक्य, पाच-सहा शब्दांचं. पण तेव्हापासून हात गार पडलेत, दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा प्यायचा राहिला.

ग्रुप म्हणजे लैंगिक अत्याचारातून गेलेल्या बायकांचा ग्रुप. पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास, आम्ही सात-आठ जणी आणि एक काउन्सेलर, तिला सगळ्या दीदी म्हणतो, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल तरी दीदीच. इंदूरमध्ये कुठे भरतो ते लिहीत नाही. घरी मी योगाला जाते असं सांगितलंय. ह्यांना खरं माहीत आहे, तेच स्कूटरवर सोडतात आणि दीड तास पोहेवाल्याकडे बसून राहतात, परत येताना शर्टावर सेव सांडलेली असते, काही विचारत नाहीत. आधी विचारायचे, आणि चुकीचं विचारायचे. एकदा दीदीने त्यांनाही बोलावून घेतलं होतं, तेव्हापासून नाही.

आमच्याकडे एक स्टीलचा डबा फिरतो, आत भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे. जिच्या हातात डबा तिने बोलायचं. बोलायचं नसेल तर चार दाणे घ्या, 'पास' म्हणा आणि पुढे सरकवा. मी पहिल्या पाच मीटिंगा नुसते दाणे खाल्ले. कोणी काही म्हटलं नाही. एखादी जरी म्हणाली असती ना की बोल गं, मन हलकं होईल, तर मी परत पाऊल टाकलं नसतं.

बाकी नियम असे की इथलं इथेच ठेवायचं, म्हणून दुसऱ्या कोणाचं मी लिहिणार नाही, आजचं एका मुलीचं थोडं लिहिणार आहे ते तिला विचारून. त्या दिवशी नेमकं काय काय झालं त्याचे तपशील ग्रुपमध्ये सांगायचे नाहीत, कारण ऐकणारीचंही जुनं वर येतं. त्यानंतरचं जगणं सांगायचं. झोप, कोर्टाच्या तारखा, लिफ्टमध्ये एकटा पुरुष आला की काय होतं ते. आणि मागितल्याशिवाय सल्ला नाही. आपल्या बायकांना हे किती जड जातं! एखादी म्हणाली रात्र रात्र डोळा लागत नाही, की तीन जणींच्या जिभेवर जायफळ घातलेलं दूध येऊन थांबलेलं दिसतं.

मला थेट ग्रुपमध्ये घेतलंही नव्हतं. आधी सात महिने एकटीचं काउन्सेलिंग. मला वाटलेलं पहिल्याच दिवशी सगळं ओकायला लावतील, उलट मीच सुरू केलं तर दीदी म्हणाली, अभी नहीं. आधी झोप होते का, जेवण जातं का, घरात धोका नाही ना, जीव द्यायचे विचार येतात का, एवढंच. ज्युडिथ हर्मन म्हणून अमेरिकेतल्या एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांनी हे तीन टप्प्यांत मांडलंय म्हणे, आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. दीदी म्हणते टप्पे म्हणजे जिने नव्हेत, लोक वरखाली करत राहतात. मी तर करतेच. पंधरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, संसार चांगला चाललाय ना, मग आता कशाला उकरायचं. त्यानंतर पंधरा वर्षं उकरलं नाही.

पाच-चार-तीन-दोन-एक पण दीदीकडच्या त्या सात महिन्यांतच शिकले. जीव घाबरा झाला की पाच गोष्टी बघायच्या, चार हाताला लावून बघायच्या, तीन आवाज, दोन वास, एक चव. पहिल्यांदा केलं ते सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, थंडीत, गर्दीत मागून कोणाचा तरी हात लागला आणि कानात घूं सुरू झालं. कढईत तळला जाणारा गराडूचा कंद, तराजू, पिवळा बल्ब, मुलाची माकडटोपी, माझ्या चपलेचा तुटका अंगठा. चवीपर्यंत पोचले तेव्हा ह्यांनी गराडूचा दोना पुढे केला. जीभ भाजली, पण आले परत.

आता मराठीचं. दीदीला मराठी येत नाही आणि मला सुरुवातीला वाटलं की कसं जमणार. आम्ही इंदूरची मराठी माणसं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, आजोबांच्या आधीपासून हे असंच. पण तेच बरं पडलं. हिंदी म्हणजे माझ्यासाठी दूधवाला, बँक, पार्किंगवरून भांडण. हिंदीत मला कधी कोणी 'मुलीच्या जातीने' म्हटलेलं नाही. जे झालं ते मराठीत झालं. रामबागेतलं लग्नघर, मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, वरच्या खोलीत पाहुण्यांसाठी आणलेल्या भाड्याच्या गाद्यांची चळत, आणि माणूस असा की ज्याला त्याच दुपारी मी वाकून नमस्कार केला होता. नंतर आजी म्हणाली, लग्नघर आहे, गप्प राहा. तेही मराठीत.

हिंदीत मी म्हणू शकले, मेरे साथ जबरदस्ती हुई. सव्वीस वर्षांनी. मराठीत कोणता शब्द घेणार? पेपरात लिहितात 'अतिप्रसंग', जणू प्रसंगच जरा जास्त झाला. 'विनयभंग' म्हणे, म्हणजे विनय माझा होता आणि भंगलाही माझाच, त्याचं काय भंगलं ते नाही सांगत. बलात्कार हा शब्द आमच्या घरात टीव्हीवर आला की चॅनल बदलायचे. आणि आजीचं आपलं 'तसलं काहीतरी'.

नाकाला मात्र शब्द लागत नाहीत. त्या गाद्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता. माझ्या घरात एक गोळी नाही, कपाटात मी वेखंड आणि कडुलिंबाचा पाला ठेवते. सासूबाई चार बायकांत कौतुकाने सांगतात, आमची सूनबाई केमिकल वापरत नाही. मी पण हो म्हणते.

सगळ्यात जास्त कुरतडलंय ते एका प्रश्नाने. ओरडली का नाहीस. खाली शंभर माणसं होती, सनई चालू होती हे खरं, तरी. आजीने विचारलं, नंतर सव्वीस वर्षं मीच मला विचारलं. दीदीने एकदा मथुराची गोष्ट सांगितली. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत दोन पोलिसांनी अत्याचार केला, आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोघांना सोडून दिलं, अंगावर जखमा नाहीत आणि ती ओरडल्याचं खरं वाटत नाही म्हणून. कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. मग 2013 च्या बदलात सरळ लिहूनच टाकलं की बाईने अंगाने विरोध केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरायचं नाही. आणि शरीराचंही एक असतं म्हणे, खूप भीती वाटली की ते गोठतं, हात उचलत नाही, घशातून आवाज फुटत नाही, ते आपल्या हातात नसतं. मी एवढंसं ऐकून घरी आले आणि धुणं वाळत घालताना रडले, बादलीभर कपडे हातात.

मधूनमधून दीदी कायद्याचं सांगते, एफआयआर नसला तरी उपचार फुकट मिळायला हवेत, सरकारी काय आणि प्रायव्हेट काय. रिपोर्ट कुठल्याही ठाण्यात लिहून घ्यावा लागतो. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन लागतो. नाव छापणं गुन्हा आहे. आणि बलात्काराच्या तक्रारीला मुदत नसते, दहा-वीस वर्षांनीही करता येते. ते ऐकून मी दाणे मोजत बसले होते. माझ्या बाबतीत तो माणूस सहा वर्षांपूर्वी वारला. तेराव्याला मी गेले होते. बुंदीचा लाडू आग्रहाने वाढला, तोही खाल्ला.

तर आज. एक नवीन मुलगी आली, कॉलेज संपलेली, बाकी काही सांगत नाही. हिंदीत बोलत होती, चांगलं बोलत होती, डबा मांडीवर घट्ट धरलेला. आणि बोलता बोलता अडकली. झाकणावर नख घासत राहिली, तो करकर आवाज, कोणी थांबवलं नाही. मग खाली बघूनच पुटपुटली, "मला ओरडताच आलं नाही."

मराठीत. दीदीला कळलं नसणार, बाकीच्यांनाही नाही. खोलीत फक्त मला कळलं. डबा माझ्या हातात नव्हता, माझी पाळी नव्हती, तरी तोंडून गेलं, "मला पण नाही आलं गं."

तिने वर बघितलं. दीदी काही बोलली नाही, नुसती खुर्ची थोडी मागे घेतली. मुलीने डबा उघडला, दोन दाणे घेतले, आणि मधल्या तिघींना ओलांडून मला दिला. मी पास म्हटलं. पुढे एक शब्द निघाला नसता.

नऊला आईचा रोजचा फोन. योगा झाला का गं? एरवी मी हो म्हणून पुढे भाजीवर येते. आज म्हटलं, आई, मी योगाला जात नाही. तिकडे टीव्हीचा आवाज कमी झालेला ऐकू आला. आईला तेव्हा अर्धं कळलं होतं असं मला कायम वाटत आलंय, तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, उद्या ये, भरीत करते.

हो म्हटलंय. किती सांगायचं काही ठरवलेलं नाही. ह्यांना विचारलं, उद्या संध्याकाळी रामबागेला आईकडे सोडाल का, थांबावं लागेल बराच वेळ. तर म्हणाले, तिथला पोहेवाला संध्याकाळी बसतो का?