टँकरवरचा लाल गोल

लाल पेनाने एकदा गोल केला की खोडता येत नाही. चौथीच्या जलचक्राच्या चित्रांत एकाने ढगाखाली टँकर काढला होता, पावसाचा बाण थेट टँकरच्या झाकणात. केला गोल. दुपारपासून तोच डोळ्यांपुढे येतोय.

त्यात आज जलचक्र दाखवायला केलेल्या पिशव्यांनीही हसं केलं. झिपच्या पिशवीवर मार्करने सूर्य नि ढग, आत पाव कप पाणी, खायच्या निळ्या रंगाचे दोन थेंब, थोडी हवा ठेवून तोंड बंद, मग उन्हातल्या खिडकीच्या काचेला चिकटपट्टी. ज्यांनी अर्धा कप ओतला त्यांच्या पिशव्या वजनाने खाली. काहींची झिप कोपऱ्यात उघडीच. उरलेल्यांत नुसतं धुकं. चूक पोरांची नव्हे, सोलापूरच्या उन्हाची. पिशवी सगळीकडून तापली, तर वाफेने गार कुठे व्हायचं? तासाभराने सावलीत आणून वरच्या भागाला ओलं फडकं लावलं, तेव्हा कुठे थेंब धरले. तेही बिनरंगी! निळा रंग तळालाच. समुद्र खारा आणि पाऊस गोड का, ते वेगळं शिकवावं लागलं नाही.

बरणीतला ढग मात्र जमला. दोन बोटं कढत पाणी, तोंडावर बर्फाची ताटली, मिनिटभराने ताटली उचलून उदबत्तीचा धूर आत आणि लगेच झाकण. धूर नसला तर ढग नीट दिसत नाही, थेंब धरायला बारीक कण लागतात. बर्फ दर वेळी कुणी आणायचा हे... जाऊ दे.

पण तो गोल. पुस्तकात समुद्र, डोंगर, नदी सगळं एकाच पानावर मावतं. इथे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, नळाला येतं ते उजनीचं, म्हणजे बरंचसं सह्याद्रीत पडून भीमेतून आलेलं, पुढे शंभरेक किलोमीटर जलवाहिनीतून. ढगापासून घरातल्या पिंपापर्यंत एवढी वाट, मग तीत टँकरच तेवढा चूक कसा? बाण झाकणात नको होता, इतकंच. आणि पत्र्यावरचं पाणी आपण पिंपात धरतोच की.

खरी चूक दुसरीच आहे. टँकर भरतो कुठे, ते त्याने काढलेलंच नाही. उद्या विहीर काढायला सांगायची. लाल गोल काठ म्हणून खपेल. टँकर विहिरीत पडल्यासारखा दिसेल, दिसू दे.