दुसरं पोतं

काकूंच्या माशांच्या टाकीत ॲपिस्टोग्रामा अगासिझी या मऊ, आम्लधर्मी पाण्यातल्या छोट्या माशाच्या मादीनं तिसऱ्यांदा अंडी घातली, तिसऱ्यांदा ती पांढरी पडली आणि त्यांनी मला फोन केला. टाकी मीच लावून दिली होती, त्यामुळे जाणं भागच होतं.

मागे झाडांपुरती ॲक्वासॉईल (पाणवनस्पतींसाठीची दाणेदार माती), पुढे दोन-अडीच सेंटिमीटर बारीक वाळू ही मांडणी मी मुद्दाम करतो. ॲपिस्टोग्रामा दिवसभर वाळूचे घास घेतो, त्यातलं खाणं चाळतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. जाड खडी असली की हे सगळं बंद, शिवाय पिल्लांसाठी टाकलेलं खाणं फटींत जाऊन सडतं. सगळीकडे सॉईल टाकावी, तर मादी पिल्लं ठेवायला खड्डे उकरते आणि दाण्यांचा भुगा होतो. फोटो बघून पूर्ण सॉईलचा हट्ट धरणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो. त्यांना झाडं हवी असतात, मासा नुसता शोभेला.

काकू तशा नाहीत. रोज संध्याकाळी पीएच मोजून वहीत लिहितात. प्रत्येक पानावर ६.८. मी आधी नरावर संशय घेतला, मग गोगलगायींवर. केएच, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेटचं प्रमाण, मोजायचं सुचायला तासभर लागला, त्याची अजून लाज वाटते. भरायच्या आरओच्या पाण्याचा केएच १, टाकीतल्याचा ६. पाणी मऊ भरायचं आणि ते आत कडक व्हायचं, म्हणजे टाकीतच काहीतरी विरघळत होतं.

संध्याकाळचा पीएच आम्हाला फसवत होता. झाडांसाठी सोडलेला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, दिवसा तो खाली दाबून धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, सीओटू सुरू व्हायच्या आधी मोजला, तर ७.६! त्यात हाच सीओटू पाणी आम्लधर्मी करून चुना आणखी विरघळवतो. सुरुवातीला नव्या सॉईलनं केएच शोषून घेतला, म्हणून काही महिने कुणाला पत्ता लागला नाही.

वाळूची पोती दोन होती. व्हिनेगर टाकून मी एकाच पोत्यातली चिमूट पाहिली होती. चुना असला की बुडबुडे येतात, ती गप्प बसली. "दोन्ही एकाच ठिकाणची," असं पुरवठादार म्हणाला आणि मी ऐकलं. आता टाकीच्या डाव्या कोपऱ्यातली वाळू वाटीत घेतली. व्हिनेगर पडताच बुडबुडे. भिंगाखाली शिंपल्यांचे तुकडे स्पष्ट दिसत होते.

सायफन लावला तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब रे, ती करवंटीतून बाहेर येत नाहीये." मादीला अंडी घालायला ठेवलेल्या नारळाच्या करवंटीत टॉर्च मारला. छताला चौथ्या खेपेची अंडी. बरीच पांढरी, पण दहा-बारा अजून लालसर.

"दोन दिवस थांबूया का?"

"काकू, या पाण्यात ती टिकायची नाहीत," मी म्हणालो. खात्रीनं म्हणालो. कदाचित पोत्याचा राग होता, कदाचित दोन दिवसांनी परत यायचा कंटाळा. त्या लालसर अंड्यांतून चार पिल्लं निघालीही असती.

वाळू काढली, तपासलेली भरली, पाणी निवळायला संध्याकाळ झाली. करवंटी जागेवर ठेवताना बघितलं, तर सगळीच पांढरी. मादी पिवळीधमक होऊन आत शिरली आणि त्यांनाच पंखांनी वारा घालू लागली. काकू काही बोलल्या नाहीत. मीही सायफन गुंडाळत बसलो.