भडंग बसतं, भाकरी बसत नाही

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं त्याला येत्या दिवाळीत तीन वर्षं होतील. आता काय खाता, किती खाता, सगळं चालतं का, असं बरेच जण विचारतात, त्यातले निम्मे स्वतःसाठीच विचारत असतात पण सांगताना मेव्हण्यासाठी विचारतोय म्हणतात. म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी काय डॉक्टर नाही, सांगलीत गणपती पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे माझं, खिळे-पाईप-रंग विकतो, तेव्हा गोळ्या-औषधाचं ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरला विचारा.

ऑपरेशनच्या वेळी वजन १२८, उंची पाच फूट सात इंच. शुगर, बीपी दोन्ही, आणि घोरणं असं की पोरगं उशी घेऊन हॉलमध्ये झोपायचं. मिरजेला स्लीव्हचं ऑपरेशन केलं. यात जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच कापून काढतात आणि केळ्याएवढं नळकांडं तेवढं ठेवतात. भुकेचं जे हार्मोन असतं, घ्रेलिन, ते जास्त करून त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे पहिले सात-आठ महिने भूक म्हणजे काय तेच विसरलो होतो, घड्याळ बघून जेवायचो. लोकांना वाटतं हेच कायम राहतं. नाही राहत. वर्षभरानं भूक हळूहळू परत यायला लागते आणि खरी परीक्षा तिथून पुढं आहे, पहिलं वर्ष कुणालाही जमतं.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. आधी नुसतं पातळ, ताक, डाळीचं पाणी, सूप, तेही औषधाच्या टोपणानं घोट घोट. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ वरण, कुस्करलेलं अंडं, पनीर, असं करत दीड-दोन महिन्यांनी माणसात आलो. त्यातलं सगळ्यात अवघड काय होतं तर जेवताना पाणी नाही, आणि जेवण झाल्यावरसुद्धा अर्धा तास नाही. आमच्याकडं ताटाशेजारी तांब्या नसला तर वाढलं असं म्हणतच नाहीत. आई अजून तांब्या ठेवते, मी अजून तो सरकवतो.

दुसरं, चावणं. हे किती महत्त्वाचं आहे ते मला पाहुण्यांच्या गावच्या जत्रेत कळलं. ऑपरेशनला चार महिने झालेले, पंगत बसलेली, मटणाचा एक चांगलासा तुकडा उचलला आणि गप्पांच्या नादात दोन-तीनदा चावून गिळला. अर्ध्या मिनिटात छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं, तोंडात लाळ भरून यायला लागली, बोलता येईना, गिळता येईना, तसाच उठलो आणि गोठ्याच्या मागं गेलो. म्हैस माझ्याकडं बघतीय, मी म्हशीकडं. पंधरा मिनिटांनी सगळं बाहेर आलं तेव्हा जीव खाली पडला. परत आलो तर आत्याचं तोंड एवढंसं झालेलं, "मटण कच्चं राहिलं काय रं?" आता तिला काय सांगणार. तेव्हापासून घास अंगठ्याच्या नखाएवढा आणि त्याचा अगदी लगदा होईपर्यंत चावायचा, जेवायला वीस-पंचवीस मिनिटं लागली तर लागू देत.

पण मला खरं लिहायचंय ते भडंगाबद्दल.

दीड वर्षात मी ८२ पर्यंत आलो होतो. शुगरची गोळी बंद, बीपीची निम्मी, जुन्या पॅंटा गड्यांना देऊन टाकल्या. मग काटा थांबला आणि मग वर सरकायला लागला, ८३, ८४, ८६. बायकोला म्हणायचो अगं मी खातोय कुठं, अर्धी भाकरी जात नाही मला. आणि ते खरं होतं, दुपारच्या डब्यातली अर्धी ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकी खाल्ली की गळ्यापर्यंत यायचं. माझी खात्री झाली की पोट परत ताणलं गेलं असणार, ऑपरेशन फेल गेलं, पैसे पाण्यात.

दुकानात काउंटरखाली भडंगाचा डबा असतो. सांगलीच्या दुकानात भडंग नसेल तर ते दुकानच नाही. दुपारी तीन ते सहा गिऱ्हाईक कमी, तेव्हा येता-जाता एक मूठ. त्या दिवशी नवीन अर्धा किलोचं पाकीट दुपारी मीच फोडून डब्यात ओतलं होतं आणि संध्याकाळी बघतो तर डबा बराच खाली गेलेला. गडी त्या दिवशी रजेवर, म्हणजे खाणारा मी एकटाच. सहज गंमत म्हणून उरलेलं भडंग खिळ्याच्या काट्यावर टाकलं. ३१० ग्रॅम. म्हणजे १९० ग्रॅम आत. पाकिटावरचा आकडा वाचून हिशोब केला तर नऊशे कॅलरीच्या आसपास गेलं, तेल, शेंगदाणे सगळं आलं त्यात. अर्ध्या भाकरीला नको म्हणणाऱ्या पोटात नऊशे कॅलरी गेल्या आणि पोटाला पत्ता नाही!

फॉलोअपला गेलो तेव्हा तिथल्या डायटिशियन मॅडमना हे सांगितलं तर त्या हसल्याच. म्हणाल्या पोट आहे तसंच आहे हो तुमचं, तुम्ही त्याला फसवायला शिकलात. मूठ-मूठ तीन तास खायचं म्हणजे एका वेळी कधी भरतच नाही. त्यात चुरमुरे, बिस्कीट, खारी, वेफर असलं तोंडात विरघळतं आणि त्या बारक्या नळीतून सरसर खाली उतरतं, चहा आणि उसाचा रस तर पाण्यासारखाच जातो. अंडं, चिकन, उसळ, भाकरी मात्र थांबतं, पोट भरल्याचं सांगतं. म्हणजे जे खायला पाहिजे ते अडतं आणि जे नको त्याला दार सताड उघडं. ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी मला कुणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असेल आणि मी तेव्हा नुसतं कधी बारीक होतोय एवढंच ऐकत होतो.

चहाचंही मग मोजलं. दिवसाला नऊ कप, होलसेलवाला आला चहा, प्लंबर आला चहा, उधारी मागायला गेलो तरी समोरचा पैशाऐवजी चहाच देतो. आता तीन, बिनसाखरेचा. पहिला आठवडा चहावाला पोऱ्या रोज विचारायचा, "मालक, कोण गेलं काय तुमचं?"

वजनावर लक्ष ठेवायची पद्धत बायकोनं काढली. सांगलीकरांना सांगायला नको, पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलावरची कृष्णेच्या पाण्याची पातळी बघत असतो, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ च्या वर गेली होती, आमच्या दुकानातला रंगाचा सगळा माल तेव्हा गेला. तर बायकोनं कॅलेंडरवर लिहिलं, इशारा पातळी ८५, धोका पातळी ८८. दर सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहायचं. इशारा ओलांडला की भडंग, खारी, घरातलं सगळं सटरफटर बाहेर, आणि धोका ओलांडला की गपगुमान मिरजेला फोन. मी ८९ ला पोचलो होतो तेव्हा आई म्हणाली, "आता सामान माळ्यावर टाकायचं का रं?" डॉक्टर म्हणाले दोन-तीन वर्षांनी थोडं वाढणं बहुतेकांचं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण लोक लाजेनं यायचेच बंद होतात आणि मग वीस किलो वाढवून येतात.

आता ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रोटीन सांगितलंय आणि ते जमवणं म्हणजे गणितच आहे, एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, मटकीची वाटी सात-आठ. बुधवार-रविवार चिकन असतं तेव्हा सोपं जातं. श्रावणात हाल. उपवासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे भडंगाची थोरली बहीण, प्रोटीन नावाला, म्हणून सोमवारी दही, पनीर आणि पाण्यात पावडर घालून भागवतो. ती पावडर उपवासाला चालते का यावर आमच्या घरी अजून निकाल लागलेला नाही.

गोळ्यांच्या बाबतीत मी एक गाढवपणा केला तोही सांगतो. वर्ष झाल्यावर सगळं छान वाटतंय म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या. पाच-सहा महिन्यांनी पायाला मुंग्या, जिना चढताना धाप, रिपोर्ट काढला तर बी १२ तळाला आणि लोह पण कमी. मग इंजेक्शनं. या गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि त्यात पण लोहाची आणि कॅल्शियमची एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास पाहिजेत, लोहाच्या गोळीवर चहा तर अजिबात नाही. मी लोहाची सकाळी घरी, कॅल्शियमची दुकानात दुपारी घेतो. चौथ्या महिन्यात केस गळाले होते मुठी-मुठीनं, ते मात्र आपोआप आले परत, बहुतेकांचे येतात. तोपर्यंत पेठेत मला कॅन्सर झालाय अशी बातमी फिरून आली होती. "तोंड उतरलंय, पोरगं लहान आहे हो अजून," असं एक काका माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलले.

सकाळी आमराईत चालायला जातो, पाऊण तास. पण नुसतं चालून भागत नाही, वजन उतरताना दंड-मांड्या पण उतरतात म्हणून काहीतरी उचला म्हणाले. जिमला जायची लाज वाटते म्हणून दुकान उघडायच्या आधी चार लिटरचे रंगाचे डबे दोन हातात घेऊन वर-खाली करतो, एकेक पाच-सहा किलोचा भरतो. गडी शटर अर्धं पाडून ठेवतो, बिचारा.

या सोमवारी ८४ आणि वर चारशे ग्रॅम, म्हणजे इशाऱ्याच्या खाली. भडंगाचा डबा काउंटरखालून मागच्या गोडाऊनला गेलाय, पाईपांच्या पलीकडं, खायचं तर उठून जायचं, छोट्या वाटीत काढायचं आणि काट्यावर ठेवायचं, तीस ग्रॅमच्या वर नाही. मटकीचं पण तसंच मोजतो. परवा दुपारी जेवणाचा डबा उघडून काट्यावर मटकीची वाटी ठेवली होती तेवढ्यात एक गवंडी दोन किलो खिळे घ्यायला आला, काट्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं आणि म्हणाला, "मालक, उसळ काय भावानं लावली?"