तिसऱ्या ठिकाणचा ट्रे

शाळेतल्या मुलांना ओढ्यावर नेते म्हटलं की लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुमची. आदल्या दिवशी काठीने तळ चाचपत फिरायचं असतं, ते कुणाला दिसत नाही. सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी चालत नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला असेल तर इथे कितीही लख्ख ऊन असो, सहल रद्द. पायाला जखम असलेलं मूल काठावरच बसून वही लिहितं, कारण उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणाऱ्या लेप्टोच्या जंतूंना अंगात शिरायला जरासं खरचटलेलंही पुरतं. डोकी मोजायची उतरताना, चढताना, आणि कुणी ‘आलोच’ म्हणून झुडपाकडे गेलं की पुन्हा. शिकवणं त्यानंतर.

त्या दिवशी काम नेहमीचंच होतं. ओढ्यावरच्या तीन ठिकाणी तळातले जीव गोळा करायचे, ओळखायचे, गुण द्यायचे. जाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला घट्ट धरायचं, त्याच्या जरा वर उभं राहून तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा. सुटलेलं सगळं वाहत जाळ्यात येतं. मग ते पांढऱ्या ट्रेमध्ये उलटायचं आणि हात मागे घ्यायचे. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं हेच सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि मुलांपेक्षा शिक्षकांना ते जड जातं. पहिली काही सेकंदं ट्रेमध्ये नुसता कचरा दिसतो. मग त्यातली एक काडी चालू लागते.

पहिल्या ठिकाणी, वरच्या अंगाला, ती काडी म्हणजे कॅडिस नावाच्या पतंगासारख्या किड्याची अळी होती. वाळूचे कण रेशमाने एकमेकांना चिकटवून तिने अंगाभोवती नळी बांधली होती. दगडांच्या पोटाला मेफ्लाय या पाण्याकाठच्या नाजूक किड्याची चपटी पिल्लं होती, तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना अखंड फडफडणारे कल्ले. चतुराचं एक पिल्लू मागून पाण्याची पिचकारी मारत सुटलं, तेव्हा ट्रेभोवतीचा गोंगाट मी थांबवला नाही. मेफ्लायच्या काही कुळांना गुणपत्रकात दहापैकी दहा असतात. गांडुळाच्या जातीच्या किड्यांना एक. ज्याला भरपूर प्राणवायू लागतो त्याला गुण जास्त, एवढाच त्यातला हिशोब.

आमच्या पेटीत पाणी तपासायच्या रंगीत पट्ट्याही असतात. पाहुण्यांना त्या फार आवडतात, मला नाही. पट्टी सांगते ते त्या क्षणाचं. सकाळी घाण येऊन वाहून गेली असेल तर दुपारी पट्टी बिचारी म्हणणार, ठीक आहे. मेफ्लायचं पिल्लू त्याच तळाशी कित्येक आठवडे, कधी महिने काढतं, त्याला सुट्टी नसते.

दुसऱ्या ठिकाणी गुण थोडे उतरले. तिसरं ठिकाण शाळेच्या कुंपणाच्या खाली होतं. तिथे भिंतीतून एक पाइप बाहेर येतो आणि पाइपाखालच्या दगडांवर करड्या कापसासारखी झालर लोंबत असते. सगळे तिला बुरशी म्हणतात. खरं तर ते बहुतांशी जिवाणू, सांडपाण्यावर पोसलेले. ट्रेमध्ये आल्या लालभडक अळ्या, पुष्कळ. त्यांच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळातही त्या तग धरतात. आणि आल्या उंदीरशेपट्या. या अळीची शेपटी म्हणजे श्वासाची नळी, ती अंगाच्या कित्येक पट लांबवून पृष्ठभागापर्यंत नेता येते. पाण्यात प्राणवायू असो नसो, तिला फरक पडत नाही. एका मुलाला ती इतकी किळसवाणी वाटली की त्याने तिचं पानभर चित्र काढलं. पुढे हिचीच मधमाशीसारखी दिसणारी माशी होते आणि फुलांवर फिरते, हे सांगितल्यावर त्याने शेजारी फूलही काढलं.

गुणांची बेरीज करणारी मुलगी मान वर न करता म्हणाली, “ताई, हा पाइप आपल्या संडासाचा आहे ना?”

होता. टाकी भरून वाहते, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. ते आकड्यात कुणी मांडलं नव्हतं, इतकंच.

पालकांसाठी तक्ता लावायचा होता. मुख्याध्यापकांनी तो नीट वाचला, कौतुक केलं आणि म्हणाले, “पहिली दोन ठिकाणं लावू या ताई. तिसऱ्याचं नंतर बघू.” मी आमच्या संस्थेत विचारलं. उत्तर आलं, आपलं काम निसर्गाची गोडी लावणं, तक्रारी करणं नव्हे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. रोपं लावा, फोटो काढा, गोडी लावा. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या परिषदेत 1977 साली जगभरच्या सरकारांनी पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टं मान्य केली होती: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आमच्या अहवालाच्या नमुन्यात पहिल्या चारांचे रकाने आहेत.

तरी सरांचा एक मुद्दा मला झोपू देत नाही. “वर दगड आहेत, खाली गाळ,” ते म्हणाले. “गाळात गाळातलेच किडे मिळणार.” बरोबर आहे. लाल अळ्या स्वच्छ पाण्याच्या गाळातही असतात. करडी झालर आणि उंदीरशेपट्या त्याने उडत नाहीत, पण तळ वेगळा असताना बेरजा शेजारी शेजारी मांडणं कच्चं काम आहे. त्यांनी हे तक्ता टाळायला काढलं की खरंच सुचलं, मला ठरवता येत नाही. ते विज्ञान शिकवतात, आणि टाकी उपसायचे पैसे त्यांच्या हातात नाहीत. मुलांच्या आकड्यांना इतका रास्त आक्षेप घेणारे तेच पहिले.

याला उपाय आहे. सारख्या आकाराचे दगड जाळीच्या पिशव्यांत भरायचे, तिन्ही ठिकाणी सारख्याच खोलीवर बांधायचे आणि महिना-दीड महिना तसेच ठेवायचे. त्या दगडांवर जे वस्तीला येईल ते मोजायचं. तळाचा वाद मग बराचसा मिटतो.

मुलांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, कंटाळतील. त्यांनी भांडण काढलं ते वेगळंच: दगड कुठून घ्यायचे. वरच्या ठिकाणचे घेतले तर त्यावर आधीच जीव असणार. मग ते घासून, धुऊन, उन्हात वाळवायचे ठरलं. तराजू नव्हता, म्हणून प्रत्येक दगड एकाच कड्यातून जायला हवा असा नियम त्यांनीच काढला. बसत नसलेला दगड कुणी दामटून घालू पाहिला की बाकीचे त्याच्यावर तुटून पडत.

सरांनी वरच्या दोन पिशव्यांना लगेच होकार दिला. तिसरीबद्दल सोमवारी सांगतो म्हणाले. तक्ता माझ्याकडेच आहे, तिन्ही ठिकाणांचा, आणि तो कापून लावायला मी नकार दिला आहे. पिशव्या तीन भरून तयार आहेत.