आरएक्स १०० चं रबर आणि आयोडेक्सचा वास

बाबांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल पार्किंगमध्ये सहा वर्षं नुसती उभी होती. १९९१ चं मॉडेल. गेल्या दिवाळीत टाकी धुतली, कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग) खोलून त्यातली पेट्रोलची बारीक छिद्रं, म्हणजे जेट, साफ केली, नवा प्लग टाकला आणि तिसऱ्या किकला गाडी सुरूही झाली. पण अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी आवाज खाली येईना. आयडलिंगचा स्क्रू फिरवून झाला, केबल ढिली करून झाली, फरक शून्य.

शेवटी चालू गाडीवर कार्बोरेटरच्या आजूबाजूला कार्ब क्लीनरचा फवारा मारला. इंजिनाकडच्या जॉइंटवर पडल्याबरोबर आवाज बदलला. म्हणजे तिथून हवा ओढत होती. टू-स्ट्रोकला हे फार महागात पडतं. हवा जास्त, पेट्रोल कमी, पिस्टन तापतो आणि एक दिवस भर रस्त्यात जाम होतो.

खोलून पाहिलं तर त्या जॉइंटचं रबर धातूच्या पट्टीपासून सुटलेलं. त्यात वाचवण्यासारखं काही नव्हतं, नवा आणला. फिल्टरच्या डब्यातून कार्बोरेटरकडे येणारं रबर मात्र घडीतली एक भेग सोडली तर अखंड होतं, फक्त दगड झालेलं. फरशीवर टाकलं तर टक्क वाजलं. नख रुतेना. पुण्याच्या नाना पेठेतून त्याच्यासाठीही नवं आणलं, पण त्याचं तोंड जरा तिरपं. कार्बोरेटरवर चढवलं की डब्याकडची बाजू निसटायची आणि ती दाबून बसवली की ही निसटायची. गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं, त्यामुळे ओरिजिनल मिळणं नशिबावर. म्हटलं, जुन्यावरच हात चालवू.

मेकॅनिक म्हणाला, "दादा, रात्रभर डिझेलमध्ये टाका, लोणी होतंय बघा." आधी फूटरेस्टच्या फाटक्या रबरावर करून पाहिलं, हे बरं झालं. सकाळी ते फुगून चिकट झालेलं, बोटांना काळं लागत होतं. गरम पाण्यातही रबर मऊ पडतं, पण थंड झालं की पुन्हा जैसे थे.

मग विंटरग्रीन तेलाबद्दल कळलं. आपल्याकडे तेच गंधपुरा तेल. त्यातलं मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे आयोडेक्सला जो वास येतो तो. बोहरी आळीतून १०० मिली आणलं आणि त्यात ३०० मिली आयसोप्रोपाइल अल्कोहोल घातलं. अल्कोहोलमुळे तेल पातळ होऊन रबरात शिरतं. तेल मोजायला मी वाढदिवसाचा उरलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कप घेतला होता. थोड्या वेळात कप धुरकट झाला आणि तळ मऊ पडला. तेव्हापासून फक्त काच. लोणच्याची रिकामी बरणी कामी आली.

बरणीत ते फिल्टरकडचं रबर घातलं आणि टाकीखालच्या दोन गोल रबरांपैकी एक. दुसरं मुद्दाम कोरडं ठेवलं, नाहीतर फरक पडला की मनाचे खेळ, कळणार कसं? झाकण घट्ट लावूनही वास गॅलरीतून आत यायचाच. आईनं दोनदा विचारलं, "कुणाचं काय दुखतंय रे?" हे तेल पोटात गेलं तर मात्र विष आहे, एका चमच्यात अ‍ॅस्पिरिनच्या वीसेक गोळ्यांइतका ऐवज असतो. बरणीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहून ती भाच्याच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवली.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी कड वाकली. पाचव्या दिवशी बाहेर काढलं तर नखाची खूण उमटत होती आणि हळूहळू भरून येत होती. पण रबर फुगलं होतं, क्लॅम्प पुरेना. मी उतावीळपणे तसंच ताणून बसवणार होतो. आठवडाभर सावलीत ठेवल्यावर ते जवळपास मूळ मापावर आलं. मग गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवलं आणि हातानं चढलं. टाकीखालची दोन्ही रबरं शेजारी ठेवली: एक अंगठ्यानं दाबलं जात होतं, दुसरं नाणं असल्यासारखं.

घडीतली भेग मात्र तशीच राहिली, उलट मऊ झाल्यावर जास्त उघडली. रबरातला मऊपणा देणारा अंश उडून गेला असेल तर त्याची जागा हे तेल घेतं. पण वर्षानुवर्षं उष्णता आणि हवा लागून रबराच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत जास्तच गुंतलेल्या असतात, त्या कशानं सुटत नाहीत. त्यामुळे पेट्रोलची नळी, ऑइल सील, ब्रेकचं रबर असल्या गोष्टींवर मी हा प्रयोग केला नाही. तिथं नवीनच. भेगेवर बाहेरून रबरासाठीचा चिकटपट्टा गुंडाळला. दिसायला वाईट, पण तिथून फिल्टरला चुकवून धूळ आत जायला नको.

पुन्हा कार्ब क्लीनर मारून पाहिलं, आवाज जागचा हलला नाही. सोडला की अ‍ॅक्सिलेटर लगेच खाली.

याला आता सात महिने झाले. परवा रबर दाबून पाहिलं, नख रुततं पण पूर्वीइतकं नाही. तेल उडतंच. बरणीतलं मिश्रण गाळून ठेवलंय, पावसाळ्याआधी अजून तीन दिवस बुडवणार आहे. या वेळी ते दुसरं गोल रबरही.