तोंडं करणारे

दुपारी घरात सगळे आडवे झालेले आणि इअरफोन सापडेना, म्हणून बी. बी. किंग या अमेरिकन गायक-गिटारवाल्याची एक जुनी मैफल आवाज बंद करून बघत बसलो. नुसता चेहरा. भुवया कपाळात, डोळे गच्च मिटलेले, ओठ लिंबू चोखल्यासारखे आवळलेले. आणि सूर कुठे चढला, कुठे टेकला, सगळं कळत होतं की!

लहानपणी गणपतीत आमच्या वाड्यात एक बुवा गायला यायचे. तान घेताना त्यांचा जबडा एका बाजूला सरकायचा आणि हात हवेत काहीतरी धरायला जायचा. आम्ही पोरं पुढच्या सतरंजीवर. एकमेकांकडे पाहिलं की संपलं. आजी मागून चिमटा काढायची, तोही पिळून. दुसऱ्या दिवशी जिन्यात बुवांची नक्कल व्हायची; सगळ्यांत हुबेहूब अर्थात आजीची.

किंगला म्हणे गाणं आणि वाजवणं एकदम जमायचं नाही. तसं तोच सांगायचा. ओळ म्हणून झाली की पुढचं ल्युसीलनं बोलायचं. ल्युसील म्हणजे गिटार. १९४९ च्या हिवाळ्यात, आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी, तो वाजवत असताना दोघांची जुंपली, रॉकेलचं पिंप लवंडलं आणि हॉल पेटला. हा बाहेर पळाला आणि गिटार राहिली म्हणून परत आत शिरला! भांडण जिच्यावरून झालं तिचं नाव ल्युसील. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही, ही आठवण राहावी म्हणून गिटारीला तेच नाव.

त्याच्या नात्यातला बुका व्हाइट तारांवर नळी सरकवून वाजवायचा. किंगला ते काही साधेना. मग बोट तारेवर दाबून मनगटच थरथरवायला लागला, आणि तो कंप पुढे त्याची ओळख झाला. मला वेगाची गिटार सोसत नाही. शंभर सूर ओतणाऱ्यापेक्षा एकच सूर हलवत ठेवणारा बरा.

तर, माझा सिद्धान्त असा. सतारीच्या मींडेसारखी तार आडवी खेचली की पुढचा सूर दाखवायला पडदा नसतो. थांबायचं कुठे, ते कानानं ठरवायचं. त्या अधांतरी क्षणाचा सगळा भार चेहऱ्यावर येतो. म्हणून ही तोंडं.

मोठ्या खुशीत अल्बर्ट किंग हा दुसरा गिटारवाला लावला. हा डावखुरा, गिटार उलटी धरायचा, पण तारा तशाच, त्यामुळे बारीक तार वर, आणि ती खाली ओढायची. काय ओढतो! एका सुरावरून निघून कुठल्या कुठे जातो. चेहऱ्यावर मात्र रेष हलत नाही. तोंडात पाइप.

पेटलेला होता की नुसताच धरलेला, तेवढं दिसलं नाही.